कामावर बोट गेलं, हात गेला : कायमच्या अपंगत्वाची भरपाई कशी ठरते?

पॉवर प्रेसखाली एका हाताची दोन बोटं तुटली, तर कायद्याच्या तक्त्यात त्यापुढे एक आकडा आहे : 20 टक्के. अंगठा गेला तर 30. चारही बोटं गेली तर 50. मनगटापासून हात गेला तर 60. चाकण, भोसरी, वाळूज, अंबड अशा औद्योगिक पट्ट्यांत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांतल्या कामगाराला हा तक्ता सहसा बोट गेल्यावरच कळतो. तोवर दवाखान्याचा पहिला कागद तयार झालेला असतो, ठेकेदाराने ‘बघू, करू काहीतरी’ म्हटलेलं असतं आणि कधी कधी एखाद्या कोऱ्या कागदावर सहीही झालेली असते.

हातात किती पैसे पडतील, हे जखम किती मोठी आहे एवढ्यावरच ठरत नाही. कोणता कायदा लागतो, अपंगत्वाचा टक्का किती धरला जातो आणि कागदावर पगार किती आहे, या तीन गोष्टी मिळून ते ठरतं. तिन्ही ठिकाणी कामगाराचं नुकसान होऊ शकतं आणि तिन्ही ठिकाणी ते थोपवताही येतं.

दारं दोन, पण आत जाता येतं एकातूनच

पहिलं दार कर्मचारी राज्य विम्याचं, म्हणजे ईएसआयचं. 1948 चा हा कायदा साधारणपणे दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आणि योजना लागू असलेल्या भागातल्या आस्थापनांना लागतो. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार त्यात येतो; आधीच दिव्यांग असलेल्या कामगारासाठी ही मर्यादा 25,000 आहे. जुलै 2019 पासून पगाराच्या 0.75 टक्के कामगाराकडून आणि 3.25 टक्के मालकाकडून कापले जातात. इथे भरपाई मालक देत नाही, महामंडळ देतं, आणि एकरकमी नाही तर दरमहा, कामगार जिवंत असेपर्यंत.

दुसरं दार कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचं. तो 1923 साली झाला आणि 1 जुलै 1924 पासून अमलात आला. 2010 सालच्या जानेवारीपर्यंत त्याच्या इंग्रजी नावात ‘वर्कमन’ हा शब्द होता, म्हणून कोर्टाच्या आवारात आजही त्याला ‘वर्कमन कॉम्पेन्सेशन’ म्हणतात. जो कामगार ईएसआयमध्ये येत नाही, तो या दारातून जातो : बांधकामावरचा गवंडी, ट्रकचा ड्रायव्हर आणि क्लीनर, ट्रॅक्टर किंवा विजेवरच्या यंत्राने चालणाऱ्या शेतीकामावरचा मजूर, आणि 21,000 च्या वर पगार असलेला कारखान्यातला कामगारसुद्धा. इथे पात्रतेसाठी पगाराची मर्यादा नाही. पैसे एकरकमी मिळतात आणि ते देण्याची जबाबदारी मालकाची असते. मालकाने विमा काढला असेल तर विमा कंपनी देते.

ईएसआयमध्ये विमा उतरलेल्या कामगाराला त्याच अपघातासाठी मालकाकडून नुकसानभरपाई कायद्याखाली वेगळी रक्कम मागता येत नाही. टीव्ही दुरुस्त करताना डोळा गमावलेल्या एका कामगाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये हे पक्कं केलं. त्यामुळे ‘दोन्हीकडे अर्ज टाकून बघू’ असं सांगणाऱ्यापासून सावध राहिलेलं बरं.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता 2020 लागू झाली आणि या दोन्ही कायद्यांची जागा तिने घेतली. भरपाईचं मूळ सूत्र आणि दोन दारांची रचना तीच राहिली आहे. ‘आयुक्त’ या शब्दाच्या जागी ‘सक्षम प्राधिकारी’ आला आहे. त्या तारखेआधीच्या अपघातांचे दावे जुन्या कायद्याप्रमाणेच चालतात, आणि सध्या न्यायालयांत असलेले बहुतेक दावे तसेच आहेत. म्हणून पुढचं विवेचन जुन्या कायद्यातल्या ओळखीच्या शब्दांत केलं आहे.

हिशेब प्रत्यक्षात कसा होतो

समजा कामगाराचं वय 30, पगार महिना 18,000 आणि प्रेसवर एका हाताची दोन बोटं गेली.

नुकसानभरपाई कायद्यात आधी कायमच्या पूर्ण अपंगत्वाची रक्कम काढतात : मासिक वेतनाचे 60 टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक. मात्र 18,000 पगार असला तरी हिशेबाला 15,000 च धरले जातात, कारण 3 जानेवारी 2020 पासून वेतनाची कमाल मर्यादा तेवढीच आहे. त्याआधी तर ती 8,000 होती. 15,000 चे 60 टक्के म्हणजे 9,000. तिसाव्या वर्षाचा गुणक 207.98. गुणाकार होतो 18,71,820 रुपये. माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला असता तर ही रक्कम मिळाली असती. दोन बोटांचे 20 टक्के, म्हणून हातात येतात 3,74,364 रुपये.

वय वाढतं तसा गुणक उतरतो. चाळीसाव्या वर्षी तो 184.17 आहे, पन्नासाव्या वर्षी 153.09. पुढे कमावण्याची वर्षं कमी उरली, असा त्यामागचा विचार. पन्नाशीनंतर बोटं गेलेल्या माणसाला दुसरं काम मिळणं तिशीतल्यापेक्षा कितीतरी अवघड असतं, हे मात्र या गुणकात कुठेच येत नाही.

आता हाच कामगार ईएसआयमध्ये असता तर? रोजच्या सरासरी वेतनाच्या 90 टक्के हा पूर्ण दर. सरासरी 600 रुपये धरली तर 540. त्याचे 20 टक्के म्हणजे रोजचे 108 रुपये, महिन्याला सुमारे 3,240. रक्कम लहान दिसते. पण साडेनऊ-दहा वर्षांत ती वरच्या एकरकमी आकड्याला गाठते आणि त्यानंतरही चालू राहते. शिवाय महागाईप्रमाणे महामंडळ ती अधूनमधून वाढवतं. कामगार पुन्हा नोकरीला लागला, अगदी त्याच कारखान्यात, तरी ती थांबत नाही. उपचार, कृत्रिम हात-पाय हे ईएसआयकडून मिळतं ते वेगळं, आणि जखम भरून येईपर्यंतच्या काळात वेतनाच्या 90 टक्के तात्पुरता लाभही मिळतो. नुकसानभरपाई कायद्यात या काळासाठी दर पंधरवड्याला देण्याची रक्कम मासिक वेतनाच्या 25 टक्के आहे. 2010 पासून उपचारांचा प्रत्यक्ष खर्चही मालकाने द्यायचा आहे, पण त्यासाठी औषधांच्या बिलांपासून सगळं जपून ठेवावं लागतं.

तरुण कामगाराला ईएसआय बहुधा जास्त फायद्याचं पडतं. अडचण एवढीच, की महिन्याला 3,240 रुपयांत गावी जाऊन दुकान टाकता येत नाही. एकरकमी पैशांत निदान तसा विचार तरी करता येतो.

20 टक्के आले कुठून?

कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात शरीराच्या अवयवांची यादी आहे. दोन्ही हात, किंवा एक हात आणि एक पाय गेला, दृष्टी पूर्ण गेली, संपूर्ण बहिरेपण आलं, चेहरा अत्यंत विद्रूप झाला, तर 100 टक्के. खांद्याच्या सांध्यापासून हात गेला तर 90. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर 40. तर्जनी पूर्ण गेली तर 14, मधलं बोट 12, अनामिका किंवा करंगळी 7. तर्जनीचं नुसतं टोक गेलं, हाड शाबूत, तर 5. अवयव तुटला नाही, पण त्याचा वापर पूर्णपणे आणि कायमचा गेला, तर तो गेलाच असं धरतात.

या यादीचं गणित चमत्कारिक आहे. तर्जनी आणि मधलं बोट वेगवेगळं मोजलं तर 26 होतात, पण ‘एका हाताची दोन बोटं’ अशी जी ओळ आहे तिथे 20 लिहिलेले आहेत. डावा हात आणि उजवा हात यांत यादी फरक करत नाही. शिंप्याची तर्जनी आणि पहारेकऱ्याची तर्जनी तिच्या लेखी सारखीच.

पण कायद्याच्या व्याख्येत एक वाक्य यादीपेक्षा मोठं आहे. अपघाताच्या वेळी जी कामं कामगार करू शकत होता, त्या सगळ्या कामांना जे अपंगत्व त्याला अपात्र करतं, ते ‘पूर्ण’ अपंगत्व. या वाक्याचा अर्थ काय, हे ओडिशातल्या एका सुताराच्या खटल्यात ठरलं. सिनेमागृहाच्या नक्षीकामावर असताना तो पडला आणि डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. यादीप्रमाणे हे 70 टक्के होतात, असं मालकाचं म्हणणं. आयुक्तांनी 100 टक्के धरले आणि डिसेंबर 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. कारण साधं होतं : सुतारकाम एका हाताने होत नाही.

आजच्या दराने हा फरक किती पडतो पाहा. चाळीस वर्षांच्या, 15,000 वेतनाच्या सुताराला 100 टक्क्यांनी 16,57,530 रुपये मिळतील, 70 टक्क्यांनी 11,60,271. एका वाक्याची किंमत जवळपास पाच लाख. 2008 मध्ये उजवा पाय गमावलेल्या एका टँकर ड्रायव्हरच्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने हेच सूत्र लावलं. पाय नसलेला माणूस शरीराने 100 टक्के अपंग नसेल, पण ड्रायव्हर म्हणून त्याची कमाई 100 टक्के गेली.

म्हणजे ‘शरीराचं अपंगत्व’ आणि ‘कमाईच्या क्षमतेचं नुकसान’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. सरकारी रुग्णालयातून मिळणारं दिव्यांग प्रमाणपत्र 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यासाठी असतं; त्यावरचा टक्का म्हणजे कमाईच्या नुकसानाचा टक्का नव्हे. पाठीच्या मणक्याची, डोक्याची, आतड्यांची दुखापत यादीत नसते. तिथे तर डॉक्टरांनी कमाईच्या नुकसानाचं वेगळं मूल्यमापन करावं लागतं. ते करताना कामगार नेमकं काय काम करत होता, हे डॉक्टरांना ठाऊक हवं. ‘हेल्पर’ एवढंच लिहिलं तर कागदावरून काहीच कळत नाही. ‘वीस-पंचवीस किलोचे भाग उचलून मशीनवर चढवणे’ असं लिहिलं तर कळतं. सही करणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला येण्याची विनंतीही करावी लागते, कारण नुसत्या दाखल्यावर विमा कंपनीचा वकील हरकत घेतोच.

ईएसआयमध्ये टक्का वैद्यकीय मंडळ ठरवतं. तो कमी वाटला तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा कर्मचारी विमा न्यायालयात जाता येतं. पुष्कळ कामगार मंडळाने दिलेला आकडा शेवटचा मानून घरी जातात.

पगार आणि पहिला कागद

वरच्या उदाहरणात पगारपत्रकावर 18,000 ऐवजी 9,000 असते आणि उरलेले पैसे पाकिटातून रोख मिळत असते, तर भरपाई 3,74,364 वरून 2,24,618 वर आली असती. दीड लाखाचा फटका. म्हणून बँकेचं पासबुक, हजेरीकार्ड, मुकादमाचे मोबाइलवरचे निरोप, सोबतच्या कामगारांची साक्ष, हे सगळं पुरावा म्हणून कामी येतं. पुरावा अगदीच नसेल तर त्या कामासाठी सरकारने ठरवलेलं किमान वेतन हा एक आधार असतो.

त्याहून महत्त्वाचा दवाखान्यातला पहिला कागद. जखमी माणसाला घेऊन येणारा सुपरवायझर ‘घरी दारात बोट सापडलं’ असं सांगतो आणि तेच केसपेपरवर लिहिलं जातं. अपघात कामामुळे आणि कामाच्या दरम्यान झाला, हे सिद्ध करण्यावर सगळा दावा उभा असतो. ‘कंपनीत प्रेस मशीनमध्ये हात अडकला’ ही एक ओळ त्या दिवशीच्या नोंदीत असली तर पुढची बरीच वर्षं वाचतात. गंभीर जखमेत रुग्णालय पोलिसांना कळवतं; त्या नोंदीची प्रतही मागून घ्यावी.

ईएसआयचं कार्ड अपघातानंतर घाईघाईने काढल्याच्या तक्रारी नेहमी ऐकू येतात. कामगाराने त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. कामावरच्या अपघाताच्या लाभासाठी ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असण्याची अट नाही; पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी हक्क असतो. मालकाने वर्गणी भरायची टाळली असेल, तर महामंडळ लाभ देऊन तो खर्च मालकाकडून वसूल करू शकतं.

‘चूक तुझीच होती’

लक्ष नव्हतं, डुलकी लागली, घाई केली : ही कारणं भरपाई नाकारायला पुरत नाहीत. मालकाची चूक होती हे कामगाराला सिद्ध करावं लागत नाही. मालकाला सुटका मिळते ती दारू किंवा नशेमुळे अपघात झाला, सुरक्षेचा स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडला किंवा मशीनचा गार्ड जाणूनबुजून काढला, अशाच प्रसंगी. तीही मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर मिळत नाही. गार्डच्या बाबतीत एक प्रश्न विचारलाच पाहिजे, तो काढला कुणी? नग जास्त पडावेत म्हणून सेन्सर बंद ठेवायला सांगणारा माणूस सहसा मशीनवर बसलेला नसतो.

‘तू आमचा नाहीस, ठेकेदाराचा आहेस’ हेही चालत नाही. काम मुख्य मालकाच्या धंद्याचा भाग असेल तर भरपाई त्याच्याकडून मागता येते. त्याने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी.

कामावर येता-जाता झालेल्या अपघाताचा प्रश्न बरीच वर्षं लोंबकळत होता. ईएसआयमध्ये 2010 च्या दुरुस्तीने तो सुटला. महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी पहाटेच्या पाळीला मोटारसायकलवर निघाला असताना वाटेत अपघातात गेला होता. त्याच्या कुटुंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये नुकसानभरपाई कायद्यालाही तोच अर्थ लावला. वेळ, जागा आणि काम यांचा संबंध मात्र दाखवावा लागतो. नव्या संहितेत ही तरतूद थेटच आहे.

दावा कुठे, कधी

मालकाला अपघाताची लेखी खबर शक्य तितक्या लवकर द्यावी. व्हॉट्सॲपवरचा मजकूरही काही नसण्यापेक्षा बरा. आयुक्तांकडे दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो. योग्य कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो. महाराष्ट्रात आयुक्ताचं काम कामगार न्यायालयाचे न्यायाधीश पाहतात. अपघात झाला तिथेच दावा लावला पाहिजे असं नाही, कामगार राहतो त्या ठिकाणीही लावता येतो. चाकणला हात गमावून बीडला किंवा बिहारला परतलेल्या माणसासाठी ही सोय फार मोलाची आहे. औद्योगिक कामगार आणि दिव्यांग व्यक्ती यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

‘पन्नास हजार घे आणि मिटव’ या तडजोडीला कायद्यात फारशी किंमत नाही. हक्क सोडून देण्याचा करार रद्दबातल ठरतो, आणि खरी तडजोड असली तरी ती आयुक्तांकडे नोंदवावी लागते. रक्कम फारच कमी वाटली तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. सही करून पैसे घेऊन बसलेल्या कामगाराचाही मार्ग त्यामुळे बंद झालेला नसतो. दिलेली रक्कम फार तर हिशेबात धरली जाईल.

भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवशी, निकालाच्या दिवशी नव्हे. हेही त्या सुताराच्या खटल्यातच ठरलं. मालकाला किती रक्कम द्यायची यावर वाद असला, तरी जेवढी मान्य आहे तेवढी त्याने आधी द्यायला हवी. एक महिन्यात पैसे दिले नाहीत तर वर्षाला 12 टक्के सरळ व्याज लागतं. वरच्या 3,74,364 रुपयांवर ते वर्षाला जवळपास 45,000 होतं. उशिराला सबळ कारण नसेल तर मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही होतो. विमा असला तर मूळ रक्कम आणि व्याज विमा कंपनी भरते. दंड मालकाच्या खिशातून जातो.

याशिवाय थोडंफार मिळू शकतं ते वेगळ्या खिडक्यांवर. वर्षाला 20 रुपये कापणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा बँक खात्याला जोडलेला असेल तर दोन्ही हात, पाय किंवा डोळे गेल्यास दोन लाख आणि एक गेल्यास एक लाख मिळतात; बोटांना मात्र काही नाही. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत नोकरीत असताना कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर दहा वर्षं सेवेची अट लागत नाही, एका महिन्याची वर्गणी जमा असली तरी पुरते.

दावा तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, डॉक्टर साक्षीला येत नाहीत, मालक पत्ता बदलतो. निकाल कामगाराच्या बाजूने लागल्यावर मालकाला उच्च न्यायालयात अपील करता येतं, तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच, आणि ठरलेली सगळी रक्कम आधी आयुक्तांकडे जमा करून तिची पावती अपिलाला जोडल्यावरच.